अंगठा, शिस्त आणि अंधारातला घास

महाभारताच्या आदिपर्वात एकलव्याच्या कथेच्या थोडे आधी एक छोटा प्रसंग येतो. कीर्तनांत आणि शाळेच्या पुस्तकांत तो सहसा आढळत नाही. द्रोणाचार्य स्वयंपाक्याला एकांतात बजावतात, की अर्जुनाला अंधारात कधीही जेवायला वाढू नकोस. एके रात्री अर्जुन जेवत असताना वारा सुटतो आणि दिवा विझतो. अर्जुन जेवतच राहतो. दिसत काहीच नाही, तरी हात तोंडाशिवाय दुसरीकडे जात नाही. हे केवळ सवयीने घडते, हे त्याच्या ध्यानात येते. मग बाणाचेही सवयीने का घडू नये, असे मनाशी धरून तो रात्रीचा अभ्यास सुरू करतो. प्रत्यंचेचा आवाज ऐकून द्रोण उठून येतात, त्याला मिठी मारतात आणि शब्द देतात, की तुझ्या तोडीचा दुसरा धनुर्धर जगात होणार नाही असे मी करीन.

एकलव्याचा अंगठा पुढे गेला तो याच शब्दापायी. म्हणजे विझलेला दिवा, रात्रीचा अभ्यास, गुरूचा शब्द आणि तुटलेला अंगठा ही एकच साखळी आहे. आपण मात्र तिची शेवटची कडी तेवढी लक्षात ठेवली.

हा लेख त्या हाताविषयी आहे. दोरी ओढून मागे आलेला धनुर्धराचा उजवा हात कुठे थांबतो, तिथेच का थांबतो आणि दर वेळी तिथेच थांबावा यासाठी माणसांनी काय काय केले, एवढाच याचा विषय. तो नीट पाहिला तर द्रोणांनी अंगठाच का मागितला, आणि तो दिल्यावर एकलव्याकडे काय उरले, या जुन्या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने जाता येते. मी संस्कृतचा पंडित नाही आणि क्रीडाप्रशिक्षकही नाही. नोकरी सांभाळून, कोश हाताशी ठेवून ही पुस्तके वाचली, आणि हौसेने बांबूचे धनुष्य ओढत राहिलो. त्या दोन्ही नादांतून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

एक मिलिमीटर

बंदुकीला पुढे माशी असते आणि मागे खाच असते. नेम धरणारा दोन्ही एका रेषेत आणतो. साध्या धनुष्याला यांतले काहीच नसते. पुढचे टोक म्हणजे धनुष्याची मूठ धरलेला डावा हात. मागचे टोक म्हणजे दोरी धरलेला उजवा हात. हा उजवा हात चेहऱ्यावर ज्या जागी टेकतो, ती जागा हीच धनुर्धराची मागची खाच. आजच्या मैदानांवर मुले तिला सरळ ‘अँकर’ म्हणतात. नांगर टाकल्यावर होडी जशी एका जागी राहते, तसा हात तिथे राहतो, म्हणून हे नाव. मी या लेखात तिला ‘टेकण’ म्हणणार आहे.

टेकण हलली तर काय होते याचा हिशेब साध्या त्रैराशिकाने मांडता येतो. पूर्ण ओढलेल्या धनुष्यात डाव्या मुठीपासून उजव्या हातापर्यंतचे अंतर साधारण ७० सेंटिमीटर धरू. ऑलिंपिकमधील लक्ष्य ७० मीटरवर असते. प्रमाण एकास शंभर. डावा हात स्थिर असताना उजवा हात एक मिलिमीटर खाली टेकला, तर बाण लक्ष्यावर सुमारे १० सेंटिमीटर वर जाईल. ऑलिंपिकच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचे असते. म्हणजे मधोमध बसणारा बाण त्या वर्तुळाबाहेर गेला. चूक एक सेंटिमीटरची झाली, तर बाण मीटरभर सरकेल. संपूर्ण लक्ष्याचा व्यास १२२ सेंटिमीटर आहे, तेव्हा तो बाण लक्ष्याला लागणारच नाही.

शिवाय दोष फक्त दिशेचा नसतो. हात जितका मागे जाईल तितके धनुष्य अधिक वाकते आणि बाणाला अधिक वेग मिळतो. एकदा हात गालाशी थांबला आणि एकदा कानाशी, तर दोन बाण दोन वेगवेगळ्या धनुष्यांतून सुटल्यासारखे होतात. म्हणून टेकण एकाच वेळी दोन कामे करते: बाण कुठे जायचा ते ठरवते आणि किती जोराने जायचा तेही ठरवते.

आता गंमत अशी, की ही जागा स्वतःला दिसत नाही. माणूस स्वतःचा गाल पाहू शकत नाही, आणि त्या क्षणी डोळे तर लक्ष्यावर असतात. ती जागा फक्त स्पर्शाने कळते: बोट जबड्याच्या हाडाला लागले, दोरी नाकाच्या शेंड्याला टेकली, अंगठ्याचे पेर कानाच्या पाळीखाली आले. धनुर्धर नेहमी अंधारातच जेवत असतो. आदिपर्वातील तो प्रसंग रचणाऱ्याला हे ठाऊक होते, असे मला वाटते. त्याने दृष्टान्त निवडला तोही चेहऱ्याकडे येणाऱ्या हाताचाच.

ग्रंथांनी मोजलेल्या जागा

आपल्याकडे ‘आकर्ण’ हा शब्द इतका रुळला आहे की धनुष्य म्हटले की दोरी कानापर्यंत ओढायची, असे आपण गृहीत धरतो. धनुर्वेदाच्या ग्रंथांत मात्र कान ही अनेक जागांपैकी एक आहे. ‘वासिष्ठ धनुर्वेद संहिता’ या नावाने जो ग्रंथ मिळतो, त्यात दोरी ओढण्याचे पाच प्रकार दिले आहेत. त्यांना ‘व्याय’ म्हटले आहे. इ.स. १३६३ च्या ‘शार्ङ्गधरपद्धती’तही हा भाग आहे. हा सुभाषितसंग्रह पीटर पीटरसन यांनी १८८८ मध्ये मुंबईच्या संस्कृत मालेत छापला.

या पाच प्रकारांची नावे हाताच्या जागेशी जोडलेली आहेत. हात केसांच्या मुळाशी आला तर तो कैशिक. कानाशी आला तर वत्सकर्ण. मानेशी आला तर भरत. खांद्याशी आला तर स्कंध. पाचवा सात्त्विक. प्रत्येकाचे काम वेगळे सांगितले आहे. सात्त्विक खालच्या लक्ष्यासाठी, तर स्कंध दूरचे आणि कठीण लक्ष्य भेदण्यासाठी. यामागचे गणित वर आलेच आहे: हात खाली टेकला की बाणाचे तोंड वर होते आणि तो लांब जातो, हात वर टेकला की उलट. आज ज्याला आपण पल्ला ठरवणे म्हणतो, ते या ग्रंथकारांनी चेहऱ्याच्या आणि खांद्याच्या खुणांवर बसवले होते. दुर्बीण नाही, पट्टी नाही. मापे सगळी शरीराची.

उभे राहण्याच्या पद्धतींचेही तसेच. अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या अध्यायांत समपद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ अशी स्थाने येतात आणि पायांतले अंतर वितींत दिलेले असते. समपदात पाय जुळलेले, वैशाखात तीन वीत, मंडलात चार, आलीढात पाच. आलीढात कोणता गुडघा वाकवायचा यावर ग्रंथांचे एकमत नाही. पण पाय कुठे, कंबर कशी, खांदा किती खाली, हे सगळे आधी ठरल्याशिवाय हात जागेवर येत नाही, याविषयी सर्वांचे एकमत आहे. पाय वीतभर सरकला तर खांदा फिरतो आणि खांदा फिरला की टेकण हलते. म्हणून शिकवणारा नेहमी जमिनीपासून वर येतो.

या सगळ्याचे एका नजरेत मावणारे चित्र मात्र शास्त्रग्रंथात नाही, काव्यात आहे. ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात तपोभंग झालेला शिव डोळे उघडून पाहतो, तेव्हा त्याला बाण सोडण्याच्या तयारीत असलेला मदन दिसतो. कालिदासाने तिथे मदनाच्या रूपाचे कौतुक करण्याऐवजी त्याचा पवित्रा सांगितला आहे. मूठ उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी आलेली, खांदे झुकलेले, डावा पाय वाकवलेला, धनुष्य ओढून गोल झालेले. चार गोष्टी, आणि पहिली टेकणीची. कालिदासाने स्वतः धनुष्य धरले होते की नाही, हे सांगणे शक्य नाही. पण धरणाऱ्याकडे त्याने बारकाईने पाहिले होते, हे नक्की. कान आणि डोळ्याचा कोपरा यांत चार बोटांचे अंतर आहे, आणि या चार बोटांवरून पुढे फार मोठा वाद व्हायचा होता. तो वाद आपल्याकडे नाही, युरोपात झाला.

कान की डोळा

सहाव्या शतकातील बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस याने आपल्या युद्धवर्णनाच्या सुरुवातीलाच धनुर्धरांची बाजू घेतली आहे. होमरच्या काव्यातील धनुर्धर दोरी छातीपर्यंत ओढत, म्हणून त्यांचे बाण दुबळे होते, असे तो म्हणतो. त्याच्या काळातले घोडेस्वार ती कपाळाजवळून उजव्या कानापर्यंत ओढतात, म्हणून त्यांच्या बाणापुढे ढाल आणि चिलखत टिकत नाही. हजार वर्षांनी, १५४५ मध्ये, रॉजर ॲस्कम या इंग्रज पंडिताने ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरचा ग्रंथ लिहून राजा आठव्या हेन्रीला अर्पण केला. या विषयावरचे इंग्रजीतले ते पहिले पुस्तक. पुढे हाच ॲस्कम राणी एलिझाबेथचा शिक्षक झाला. त्याने धनुर्विद्येचे पाच भाग केले: उभे राहणे, बाण दोरीला लावणे, ओढणे, धरून ठेवणे आणि सोडणे. ओढावे कुठवर, तर कानापर्यंत.

कान का, याचे उत्तर समुद्राच्या तळातून मिळाले. ज्या वर्षी ॲस्कमचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १९ जुलै १५४५ रोजी, हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज पोर्ट्समथजवळ बुडाले. १९८२ मध्ये ते वर काढले. चिखलात जपून राहिलेली दीडशेहून अधिक धनुष्ये आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण त्यात सापडले. ही धनुष्ये ओढायला सुमारे १०० ते १८० पौंडांचा जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आजचा ऑलिंपिक खेळाडू पन्नास पौंडांच्या आसपासचे धनुष्य ओढतो. जहाजावरच्या सांगाड्यांपैकी बऱ्याच जणांच्या खांद्याच्या पात्याचे टोक वयात आल्यावरही हाडाला जुळलेले नव्हते. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याची ती खूण असावी, असे त्यांचा अभ्यास करणाऱ्या ॲन स्टर्लंड यांनी सुचवले. एवढा जोर केवळ दंडाने लागत नाही. पाठ, खांदा आणि छाती उघडून हात जितका मागे जाईल तितका न्यावा लागतो. रणांगणावर समोर माणसांची भिंत असते. तिथे एका बटणाचा नेम धरायचा नसतो, चिलखत फोडायचे असते. कान ही ताकदीची जागा आहे.

धनुष्य रणांगणावरून हटले आणि हिरवळीवरचा खेळ झाले, तेव्हा हा हिशेब बदलला. तो बदल ज्याने नीट ओळखला त्याचे नाव होरेस फोर्ड. १८४९ ते १८५९ अशी सलग अकरा वर्षे तो इंग्लंडचा विजेता होता. १८५७ मध्ये चेल्टनहॅम येथे २८८ बाणांच्या सामन्यात त्याने १२५१ गुण मिळवले. हा विक्रम १९४९ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. १८५६ मध्ये त्याचे पुस्तक आले, आणि त्यात त्याने तीनशे वर्षांच्या परंपरेला सरळ हरकत घेतली. हात कानाशी नेला की बाण डोळ्याच्या उजवीकडे राहतो. लक्ष्याकडे पाहणाऱ्याला तो तिरपा दिसतो, आणि मग प्रत्येक बाणाला तो तिरपेपणा मनातल्या मनात दुरुस्त करावा लागतो. फोर्डचे म्हणणे एवढेच, की बाण नेम धरणाऱ्या डोळ्याच्या बरोबर खाली आणा. डावी-उजवीचा प्रश्न तिथेच मिटतो, उरतो फक्त उंचीचा.

आजचे सगळे मैदानी धनुर्धर फोर्डचे वारस आहेत. ऑलिंपिकमधला खेळाडू तर्जनी जबड्याच्या हाडाखाली घट्ट बसवतो आणि दोरी हनुवटीला व नाकाला टेकवतो. साधे धनुष्य वापरणारे बहुतेक जण बोट ओठांच्या कोपऱ्याशी आणतात. कानाकडून डोळ्याखाली आलेला हा हात म्हणजे युद्धाकडून खेळाकडे झालेला प्रवास आहे. कालिदासाचा मदन मात्र यांच्या मधोमध उभा आहे. त्याचा हात कानाएवढा मागे नाही आणि डोळ्याखालीही नाही. डोळ्याच्या कोपऱ्याशी आहे. त्याला चिलखत फोडायचे नव्हते. एकाच देवाचे एकच हृदय त्याला हवे होते.

अंगठ्याचे राज्य

इथवर ‘हात’ म्हटले, पण हाताने दोरी धरायची कशी हे सांगितले नाही. टेकण तर त्यावरच ठरते. जपानमध्ये प्राणिशास्त्र शिकवायला गेलेल्या एडवर्ड मोर्स या अमेरिकन माणसाला एका जपानी मित्राबरोबर नेमबाजी करताना जाणवले, की दोघांची बाण सोडण्याची तऱ्हा अगदी वेगळी आहे. त्या कुतूहलातून त्याने जगभरची चित्रे, शिल्पे आणि वर्णने धुंडाळून १८८५ मध्ये एक निबंध छापला. त्याचे वर्गीकरण आजही वापरतात. काही लोक बाणाची शेपटी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरतात. भूमध्य समुद्राभोवतीचे आणि इंग्लंडचे लोक तर्जनी, मध्यमा आणि अनामिका दोरीवर अडकवतात. अंगठा मोकळा राहतो. मध्य आशियापासून चीन-जपानपर्यंतचे लोक दोरी अंगठ्याने ओढतात आणि त्यावर तर्जनीचे कुलूप घालतात.

भारतातल्या ग्रंथांतली रीत यांतली कोणती, हे वासिष्ठ संहितेतील मुठींच्या यादीवरून कळते. दोरी धरण्याच्या पाच मुठी तिथे आहेत. पताकेत लांब केलेली तर्जनी अंगठ्याच्या मुळाशी टेकते. वज्रमुष्टीत अंगठा तर्जनी आणि मध्यमेच्या मध्ये शिरतो. सिंहकर्णात तर्जनीचे टोक अंगठ्याच्या मध्यावर येते. मत्सरीत ते अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी येते. काकतुंडीत तर्जनीचे तोंड अंगठ्याच्या टोकाशी भिडते. ही यादी पुन्हा एकदा वाचावी. पाचही मुठींची व्याख्या अंगठ्याच्या संदर्भाने केली आहे. अंगठा नसलेली एकही मूठ त्यात नाही.

अंगठ्याने ओढणारा हात वेगळ्या जागी टेकतो. तीन बोटांच्या पकडीत तर्जनी जबड्याखाली किंवा ओठाशी सहज बसते. अंगठ्याच्या पकडीत मूठ वळलेली असते आणि ती गालावरून मागे कानाकडे किंवा डोळ्याच्या कोपऱ्याकडे सरकते. बाणही धनुष्याच्या उलट्या बाजूला येतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण तीन बोटांच्या पद्धतीत धनुष्याच्या डावीकडे असतो, अंगठ्याच्या पद्धतीत उजवीकडे. त्यामुळे पकड बदलली की फक्त बोटे बदलत नाहीत. टेकण, बाणाची बाजू, मनगटाचा पीळ, कोपराची उंची, सगळेच बदलते.

मुसलमानी अमदानीत ही अंगठ्याची रीत आणखी पक्की झाली. अंगठ्याला दोरी कापू नये म्हणून कडे घालत. शिंग, हस्तिदंत, जेड अशा वस्तूंची ती असत. शहाजहानचे जेडचे असे एक कडे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यावर हिजरी १०४० हे साल कोरले आहे, म्हणजे इ.स. १६३०–३१. इजिप्तच्या मामलूक राजवटीत चौदाव्या शतकात तैबुघा याने लिहिलेल्या ग्रंथात तर तीन थोर उस्तादांच्या पद्धती शेजारी शेजारी मांडून त्यांतले मतभेद सांगितले आहेत. हात कुठे आणि कसा, यावर घराणी पडली होती.

या रीतीची एक खूण आपण मराठी माणसे रोज तोंडात घोळवतो. फार्सीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा. त्यावरून तिरंदाजाचे अंगठ्यातले कडे, आणि त्यावरून नेम. हा शब्द मराठीत ‘शिस्त’ होऊन आला. मोल्सवर्थच्या कोशात शिस्तीचा ‘नेम’ हा अर्थ दिलेला आहे, आणि शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. नंतर नेमाचा अर्थ मागे पडला आणि नेमस्तपणाचा, वळणाचा अर्थ पुढे आला. रोज तीच गोष्ट त्याच रीतीने करणे याला आपण शिस्त म्हणतो. शाळेत मुलांना शिस्त लावणाऱ्या मास्तरांच्या ध्यानीमनीही नसते, की या शब्दाच्या पोटात तिरंदाजाचा अंगठा आहे.

जागा आणि वेळ

इथे एक शंका येईल. टेकण म्हणजे चेहऱ्यावरची एक जागाच असेल, तर ती सापडली की काम झाले. मग वर्षानुवर्षे अभ्यास कशाला?

याचे उत्तर जपानी क्युदोत फार स्पष्ट दिसते. तिथे बाण सोडण्याच्या क्रियेचे आठ टप्पे आहेत. पाय रोवण्यापासून सुरुवात होते आणि बाण गेल्यानंतरही देह तसाच ठेवण्याने शेवट होतो. पूर्ण ओढ झाल्यानंतरचा सहावा टप्पा ‘काई’. तिथे हात कानाच्या मागे जातो, म्हणून तो चेहऱ्याला टेकतच नाही. त्याऐवजी बाणाची काडी गालाला आणि दोरी छातीला स्पर्श करते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते माणूस थांबला आहे. प्रत्यक्षात तो आतून दोन्ही बाजूंना ताणत असतो, आणि त्या ताणातूनच बाण सुटतो. काही जणांना मात्र एक खोड जडते: हात जागेवर पोचायच्या आतच बाण सुटतो. जपानीत तिला ‘हायाके’ म्हणतात. ही खोड नवशिक्यापेक्षा जाणत्याला अधिक छळते. लक्ष्य दिसले की बोटांना धीर राहत नाही. जागा माहीत असते, तिथे थांबणे जमत नाही.

म्हणजे टेकण ही जागा आहे आणि वेळही आहे. हात तिथे पोचला पाहिजे आणि तिथे क्षणभर असला पाहिजे. त्या क्षणात पाठीचे स्नायू भार उचलतात, कोपर बाणाच्या रेषेत येते, श्वास स्थिर होतो. ॲस्कमने ओढणे आणि धरून ठेवणे असे दोन वेगळे भाग का केले ते इथे कळते. नवशिक्यांना जुने जाणते सांगतात, की लक्ष्य काढून टाका. पाच पावलांवर गवताचा भारा ठेवा, डोळे मिटा आणि हात आपला आपण जागेवर येईपर्यंत ओढत राहा. हा अर्जुनाचा विझलेला दिवाच आहे. दिवा असला की लक्ष बाणाच्या टोकाकडे जाते. नसला की हाताकडे.

एकलव्याकडे काय उरले

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिचे आदिपर्व वि. स. सुखठणकरांनी संपादून १९३३ मध्ये पूर्ण केले. त्यात एकलव्याची कथा वाचताना एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. द्रोणांच्या मातीच्या मूर्तीपुढे अभ्यास करून त्याने काय मिळवले, हे तिथे नेमके सांगितले आहे. बाण घेणे, दोरीला लावणे आणि सोडणे यांतली कमालीची चपळाई. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात तो सात बाण मारतो ते जणू एकाच वेळी. पांडव ते पाहून थक्क होतात ते त्याच्या लाघवाने आणि शब्दवेधाने.

मग अंगठा जातो. त्यानंतर महाभारतकार काय म्हणतात? नेम चुकू लागला, असे म्हणत नाहीत. विद्या संपली, असेही म्हणत नाहीत. निषादपुत्र पुढे बोटांनी ओढू लागला, पण पूर्वीइतका शीघ्र राहिला नाही, एवढेच म्हणतात. अंगठ्याबरोबर गेले ते लाघव. द्रोणांनी मागितली ती दक्षिणा आंधळी नव्हती. पाचही मुठी ज्याच्यावर उभ्या आहेत, शीघ्रतेचे सारे कुलूप ज्याच्यात आहे, तेच त्यांनी काढून घेतले. शिक्षकालाच सुचेल अशी ती क्रूरता आहे. विद्यार्थ्याच्या हाताची गाठ नेमकी कुठे आहे हे त्यांना, एकही दिवस न शिकवता, एका नजरेत कळले.

पण ‘बोटांनी ओढू लागला’ हे अर्धे वाक्य आपण वाचत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे. अंगठा गेलेल्या माणसाला उरलेल्या बोटांनी ओढायचे, तर काय काय नव्याने शिकावे लागेल याची कल्पना आता वाचकांना करता येईल. मूठ वेगळी वळेल. हात जुन्या जागी टेकणार नाही. बाण धनुष्याच्या दुसऱ्या बाजूला जाईल. वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने अंधारातही सापडणारी ती चेहऱ्यावरची जागा आता निरुपयोगी झाली; उलट अडचणीची झाली, कारण शरीर जुन्या सवयीने तिथेच जाऊ पाहते. अर्जुनाने तोंडाकडे जाणारा हात घडवला. एकलव्याला घडलेला हात मोडून दुसरा घडवावा लागला, आणि तोही पुन्हा एकट्याने, मातीच्या गुरूपुढे.

तो त्याने घडवला, याची साक्ष महाभारतातच दुसरीकडे आहे. द्रोणपर्वात कृष्ण अर्जुनाला सांगतो, की तुझ्या हितासाठीच द्रोणांनी कपटाने एकलव्याचा अंगठा काढून घेतला. अंगठा असता तर देव-दानवांनाही तो जिंकता आला नसता. आणि पुढे हेही सांगतो, की हाताला अंगुलित्राण बांधून रानात एकटा बाण सोडणारा तो निषाद दुसऱ्या रामासारखा शोभत असे. तुझ्यासाठी मलाच त्याला रणात मारावे लागले. अंगुलित्राण म्हणजे दोरीपासून बोटांचे रक्षण करणारे कातडे. तीन बोटांनी ओढणारे आजही तसलेच कातडे वापरतात. अंगठा गेल्यानंतरही ज्याच्यासाठी कृष्णाला स्वतः पुढे व्हावे लागले, त्याची विद्या संपली होती असे कसे म्हणावे?

सातपुड्यातले भिल्ल तीरकामठा चालवताना एकलव्याच्या स्मरणार्थ अंगठा लावत नाहीत, असे आपल्याकडे सांगितले जाते. एकलव्य ज्यांच्या कानावरही कधी आला नाही, त्या इंग्लंडात आणि भूमध्य समुद्राच्या काठी शतकानुशतके बोटांनीच ओढतात, तेव्हा त्या रीतीचे मूळ या कथेत शोधण्याची गरज नाही. पण एखादा समाज आपल्या हाताची रीत कुणाच्या नावाने ओळखतो, हेही काही कमी महत्त्वाचे नाही. बांबूचे धनुष्य, बांबूच्याच सालीची दोरी आणि अंगठ्याविना ओढणारी बोटे. ज्याचा अंगठा घेतला त्याचे नाव त्यांनी हातात ठेवले आहे.

आज भारतात ऑलिंपिक धनुर्विद्या शिकणारी सगळी मुले तीन बोटांनीच ओढतात. कंपाउंड धनुष्यात यंत्राच्या खटक्याने बाण सुटतो, आणि गंमत म्हणजे त्यातल्या एका प्रकारचा खटका अंगठ्यानेच दाबतात. साताऱ्यात सराव केलेल्या अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला याच प्रकारात जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा अदिती सतरा वर्षांची होती. साधन कोणतेही असो, बाण सुटण्याआधी हात जबड्याशी येऊन दर वेळी त्याच जागी बसला पाहिजे, हा नियम त्यांनाही चुकला नाही.

वत्सकर्ण, भरत, स्कंध ही नावे आता पुस्तकातच राहिली. त्या जागी टेकणारे हात गेले, आणि हात गेल्यावर पुस्तक फक्त जागेचे नाव सांगते, तिचा स्पर्श सांगू शकत नाही. म्हणून एकलव्याच्या कथेतले ते अर्धे वाक्य मला मोलाचे वाटते. विद्या हातात असते, आणि हात हिरावून घेता येतो, हे द्रोणांना ठाऊक होते. हात पुन्हा घडवता येतो, हे एकलव्याला ठाऊक होते. त्याचा वेग गेला. शिस्त राहिली.